दुधाच्या वेशीवर उभे सरकार : पॉल्सन, अमूल आणि आयात परवाना

१/ १९६३ साली सामुदायिक नेतृत्वासाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार तिघा भारतीयांना मिळून देण्यात आला. त्यांपैकी त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन ही दोन नावे आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. तिसरे नाव होते दारा खुरोडी, मुंबई सरकारचे दूध आयुक्त. आणंदचे हे दोघे आणि मुंबईचे खुरोडी यांचे आपसात वर्षानुवर्षे खटके उडत आले होते, आणि पुरस्कार मात्र एकाच व्यासपीठावर! पुढे लोकस्मृतीत दोघे उरले, तिसरा पुसला गेला. खुरोडींबरोबर या कथेतले सरकारही जवळजवळ पुसले गेले. आजचा धागा त्या सरकारविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ अमूलची कथा आपण ऐकतो ती अशी : गरीब शेतकरी, लबाड व्यापारी, एक तडफदार अभियंता आणि सहकाराचा विजय. या कथेत सरकार एक तर अडथळा म्हणून येते, नाही तर फीत कापणारा पाहुणा म्हणून. कागदपत्रे आणि कालक्रम नीट लावून पाहिला की निराळे चित्र दिसते. दूध कोणी गोळा करावे, लोणी व भुकटी परदेशातून कोणी किती आणावी आणि आलेला माल देशात कोणत्या भावाने विकावा, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वळणावर सरकारनेच दिली. ती कधी पॉल्सनच्या पारड्यात पडली, कधी शेतकऱ्याच्या, कधी शहरातल्या ग्राहकाच्या. त्या उत्तरांचा हिशेब मांडल्याशिवाय भारतीय दुग्धोद्योग कसा उभा राहिला हे कळत नाही.

३/ सुरुवात मुंबईतून करू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहराची वस्ती झपाट्याने फुगली होती. दूध येत होते ते शहरातल्याच कोंदट तबेल्यांतून. त्यात पाणी किती आणि दूध किती हे गवळ्यालाच ठाऊक! मुंबईच्या दुधाचा नमुना तपासणीसाठी लंडनला गेला तेव्हा तो तिथल्या गटाराच्या पाण्याहूनही दूषित निघाला, असा किस्सा कुरियन यांनी आत्मकथनात नोंदवला आहे. किश्शात मीठमसाला असेलही. पण शहराच्या दुधाची अब्रू काय होती हे त्यावरून समजते. अखेर १९४५ साली मुंबई सरकारने स्वतःची दूध योजना सुरू केली. दूध आणायचे होते सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरच्या आणंदहून, रेल्वेने. येथे एक गोष्ट लक्षात ठेवायची : खेडा जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता आणि १ मे १९६० पर्यंत तो मुंबई राज्यातच राहिला. म्हणजे दूध पिणारे शहर आणि दूध देणारे गाव, दोघांचे सरकार एकच होते.

४/ हे दूध गोळा करण्याचा अनन्य अधिकार सरकारने दिला पॉल्सन कंपनीला. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी उद्योजकाची ही कंपनी. आधी कॉफीचे दुकान, मग पहिल्या महायुद्धात लष्कराला लोणी पुरवून मिळवलेले नाव, आणि पुढे आणंदला उभारलेली डेअरी. पॉल्सनचे लोणी इतके घराघरांत पोचले होते की मुंबईच्या बोलीत कोणाची खुशामत करण्याला ‘पॉल्सन लावणे’ म्हणत. आजही जुन्या गिरणगावात एखादे आजोबा हा शब्द सहज वापरून जातील.

५/ या कराराची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सरकार आणि पॉल्सन यांच्यातला भाव ठरलेला. मुंबईच्या ग्राहकाला मिळणारा भाव ठरलेला. पण पॉल्सन आणि त्याचे गावोगावचे ठेकेदार यांनी शेतकऱ्याला काय द्यावे, याविषयी कोणताच दंडक नाही. परिणाम उघड होता. वरची दोन्ही टोके घट्ट बांधलेली, खालचे टोक मोकळे. मग सगळा ताण खालच्या टोकावरच येणार. त्यात दुसऱ्या कोणाला दूध घालायची सोय शेतकऱ्याला उरली नव्हती. संध्याकाळचे दूध सकाळपर्यंत टिकत नाही. हाती चरवी घेऊन भावासाठी घासाघीस कोण किती वेळ करणार?

६/ शेतकरी वल्लभभाई पटेलांकडे गेले. त्यांनी मोरारजी देसाईंना पाठवले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली. प्रत्येक गावात दूध संस्था काढायची, साऱ्यांचा मिळून जिल्ह्याचा संघ करायचा, आणि सरकारने या संघाकडून दूध घ्यायचे कबूल करेपर्यंत पॉल्सनला थेंबही घालायचा नाही, असे ठरले. पंधरा दिवस संप चालला. मुंबईच्या योजनेचे दूध आटले, दूध आयुक्तांना आणंद गाठावे लागले आणि मागणी मान्य झाली. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. आरंभी दोन गावच्या संस्था होत्या आणि दूध दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास.

७/ आता मागणी नेमकी काय होती ते पुन्हा वाचा. ‘सरकारने बाजूला व्हावे’ असे कोणीही म्हटले नव्हते. शेतकऱ्यांचे म्हणणे होते की ज्या योजनेने पॉल्सनला गिऱ्हाईक दिले, तिनेच आम्हाला गिऱ्हाईक द्यावे. १९४८ मध्ये संघाचे दूध मुंबईला जाऊ लागले. हुकमी खरेदीदार आणि ठरलेला भाव या गोष्टी नव्या धंद्याला भांडवलाइतक्याच मोलाच्या असतात. पहिली काही वर्षे आणंदच्या संघाला या दोन्ही गोष्टी मुंबई सरकारच्या दूध योजनेने पुरवल्या. कुरियन मे १९४९ मध्ये आणंदला आले, तेही सरकारी शिष्यवृत्तीच्या बदल्यात करावयाच्या सरकारी नोकरीवर, आणि काहीसे कुरकुरत!

८/ पण गिऱ्हाईक एकच असण्याचे दुखणे लवकरच पुढे आले. म्हैस बारा महिने सारखे दूध देत नाही. हिवाळ्यात, आपल्याकडे दूधधंद्यात ज्याला पुष्टकाळ म्हणतात त्या दिवसांत, दुधाचा लोंढा येतो. उन्हाळ्यात, म्हणजे कृशकाळात, ते निम्म्याच्याही खाली उतरते. मुंबईला मात्र रोज सारखेच दूध हवे. उन्हाळ्यात योजना म्हणे ‘आणखी द्या’, हिवाळ्यात म्हणे ‘एवढे नको’. उरलेल्या दुधाचे करायचे काय? शेतकऱ्याला ‘आज दूध आणू नकोस’ असे सांगणारी संस्था फार काळ टिकत नसते. यावर उपाय दोनच : हिवाळ्यातले जादा दूध लोणी व भुकटी करून साठवायचे, किंवा मुंबईने हिवाळ्यात सगळे दूध घ्यायचे आणि परदेशी भुकटी कमी वापरायची.

९/ दुसरा उपाय खुरोडींना पटणारा नव्हता, आणि त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ते शहराचे दूध आयुक्त होते. त्यांच्यापुढे प्रश्न होता स्वस्त, स्वच्छ आणि पुरेशा दुधाचा. तबेले शहराबाहेर नेण्यासाठी आरे वसाहत उभी राहिली ती त्यांच्याच कारकिर्दीत. आज आपण सहज उच्चारतो तो ‘टोन्ड दूध’ हा प्रकारही त्यांच्याच नावावर आहे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि सायविरहित दुधाची भुकटी मिसळली की स्निग्धांश उतरतो, पौष्टिकता बरीचशी टिकते, आणि एका लिटरचे दोन लिटर होतात. गरिबाला परवडणारे दूध! कल्पना खरोखरच चतुर होती. फक्त भुकटी देशात होत नव्हती, ती परदेशातून येई. म्हणजे शहराच्या गरिबाची सोय आणि खेड्यातल्या उत्पादकाची बाजारपेठ ही दोन हिते या एका भुकटीच्या पोत्यावर एकमेकांवर आदळली. हा संघर्ष पुढची चाळीस वर्षे मिटला नाही.

१०/ आणंदने पहिला उपाय धरला. अडचण अशी की म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकते यावर त्या काळच्या पाश्चात्त्य तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. भुकटीचे सारे तंत्र गाईच्या दुधावर बेतलेले, आणि म्हशीचे दूध अधिक दाट व स्निग्ध. कुरियन यांचे मित्र हरिचंद दलाया यांनी मुंबईत रंग फवारण्याचे यंत्र आणि गरम हवेचा झोत यांच्या साहाय्याने भुकटी पाडून दाखवली, असे कुरियन सांगतात. युनिसेफने यंत्रसामग्री दिली. बदल्यात जिल्ह्यातल्या मुलांना मोफत दूध वाटण्याची अट घातली. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदारांच्या जयंतीदिनी, पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी कारखान्याच्या प्रमाणावर जगात प्रथम येथेच झाली.

११/ कारखाना उभा राहिला, पण माल खपेना. अमूलचे लोणी ताज्या साईचे, पांढरे, अळणी. मुंबईकरांच्या जिभेला सवय पॉल्सनची : आंबवलेल्या साईचे, खारट, पिवळे लोणी. शुद्ध लोणी हेच, असे आणंदवाले कितीही सांगोत, गिऱ्हाइकाला ते ‘बेचव’ वाटे. अखेर अमूलने मीठ घातले, रंगही घातला. ग्राहकाची जीभ सहकाराच्या तत्त्वज्ञानावर चालत नाही, हा धडा त्यांनी लवकर घेतला. पुढे १९६६ मध्ये आलेली ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी सर्वांना माहीत आहे. पण त्या जाहिरातीच्या दहा वर्षे आधी एक गोष्ट घडली होती, आणि तिची आठवण कोणी काढत नाही.

१२/ ती गोष्ट म्हणजे परकीय चलनाचा दुष्काळ. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या नावे ब्रिटनकडे पौंडांची मोठी शिल्लक होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतल्या यंत्रसामग्रीच्या आयातीने ती भराभर वितळली. १९५७ च्या आरंभापासून आयात परवान्यांवर कडक निर्बंध आले. टी. टी. कृष्णम्माचारी तेव्हा अर्थमंत्री होते. पोलादाची यंत्रे आणायला पौंड पुरत नसताना न्यूझीलंडचे लोणी कशाला, हा प्रश्न दिल्लीत आपोआपच उभा राहिला. कुरियन यांनी नेमकी ही वेळ साधली. लोण्याची आयात कापा, तुटवडा आम्ही भरून काढतो, असे वचन त्यांनी दिले. आयात टप्प्याटप्प्याने कापली गेली.

१३/ येथे एक सूक्ष्म भेद आहे. आयातबंदी ही शेतकऱ्यावरच्या प्रेमापोटी झाली नव्हती. ती तिजोरीतल्या खडखडाटापोटी झाली. त्या काळी असे संरक्षण अनेक धंद्यांना मिळाले. त्यांतले कितीतरी परवान्याच्या सावलीत सुस्तावले, निकृष्ट माल चढ्या भावाने विकत राहिले. आणंदला ही सावली मिळाली तेव्हा त्यांच्याकडे कारखाना तयार होता, जादा दूध हाताशी होते, आणि नफा ज्यांच्या घरी जायचा ते उत्पादकच मालक होते. वेस बंद झाली त्या दिवशी आत कोण उभे होते, यावर पुष्कळ काही ठरले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा कळीचा योगायोग आहे, आणि त्याला निव्वळ योगायोगही म्हणवत नाही. कारण समरखाची सभा अकरा वर्षे आधी झाली होती.

१४/ याच सुमारास स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीचा प्रसंग येतो. आटीव दूध भारतात बनवण्याचा परवाना कंपनीला मिळाला होता, पण पुष्कळसा कच्चा माल बाहेरूनच येत होता. सरकारच्या सांगण्यावरून कुरियन तिकडे गेले. आटीव दूध बनवण्यासारखे नाजूक काम ‘नेटिवां’च्या हाती कसे सोपवणार, अशा अर्थाचे उद्गार तिथे ऐकावे लागले आणि आपण बैठक सोडून उठलो, असे कुरियन लिहितात. प्रसंगाचे साक्षीदार तेच, कथनकारही तेच; तेव्हा संवादाचा शब्दन् शब्द खरा मानायची गरज नाही. निष्पत्ती मात्र कागदावर आहे. अमूलने आटीव दूध स्वतः बनवले. नेस्लेने १९६१ मध्ये पंजाबात मोगा येथे आपला पहिला भारतीय कारखाना काढला आणि आसपासच्या गावांतून दूध घ्यायला आरंभ केला. म्हणजे बंद वेशीचा परिणाम दुहेरी झाला : देशी उद्योगाला जागा मिळाली, आणि परदेशी कंपनीलाही येथल्या गोठ्यापर्यंत यावे लागले.

१५/ बालान्नाची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण तीत सरकारी प्रयोगशाळा आहे. तान्ह्या मुलांसाठीची दूधभुकटी तोवर बहुतांश आयात होई. म्हशीच्या दुधाचे पोटात कठीण दही बनते आणि बाळाला ते पचत नाही, म्हणून हे दूध बालान्नाला अयोग्य, असा पक्का समज होता. १९५० मध्ये म्हैसूरला स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या दुधावर प्रक्रिया करून त्याचे दही मऊ पडेल अशी पद्धत शोधली. तंत्र अमूलला मिळाले आणि म्हशीच्या दुधाचे बालान्न बाजारात आले. संशोधनाचा खर्च सरकारचा, आयातीवरचा निर्बंध सरकारचा, कारखाना शेतकऱ्यांचा. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या. यांतली एक जरी नसती तरी डबा परदेशीच राहिला असता. (आईच्या दुधाला पर्याय म्हणून अशा डब्यांच्या जाहिराती करण्यावर पुढे १९९२ मध्ये कायद्याने बंदी आली, तो निराळा आणि तितकाच वाचनीय विषय आहे.)

१६/ एवढे होऊनही वेशीला एक भगदाड राहिलेच. लोणी आणि डब्यातले दूध अडवले गेले, पण शहरी दूध योजनांसाठी येणारी सायविरहित भुकटी येतच राहिली. मुंबईच्या धर्तीवर दिल्ली आणि कलकत्त्यातही सरकारी योजना निघाल्या होत्या. मतदार शहरात, आरडाओरड शहरात. तेव्हा दुधाचा भाव खाली ठेवणे हीच या योजनांची पहिली चिंता. स्वस्त भुकटी असताना खेड्यातून महाग दूध कोण आणणार? १९५०-५१ मध्ये देशात दरडोई दूध दिवसाला १३० ग्रॅम होते. १९७०-७१ मध्ये ते ११२ ग्रॅमवर आले. या वीस वर्षांत आणंद बहरत होते आणि देश मागे जात होता. अमूलच्या गौरवग्रंथांत हे दोन आकडे शेजारी शेजारी क्वचितच दिसतात.

१७/ महाराष्ट्रापुरते एक उपकथानक. १९६० च्या राज्यनिर्मितीने आणंद गुजरातेत गेले आणि मुंबईचे गिऱ्हाईक महाराष्ट्रात राहिले. महाराष्ट्र शासनाने मग दूध स्वतः गोळा करायचे, स्वतः प्रक्रिया करायची आणि स्वतःच विकायचे असे धोरण दीर्घकाळ चालवले. आरेच्या काचेच्या बाटल्या, निळे केंद्र, पहाटेची रांग हे ज्यांनी अनुभवले त्यांच्या मनात त्या योजनेविषयी आजही जिव्हाळा आहे. पण खरेदीदार म्हणून सरकारी खाते बसले की भाव मंत्रालयात ठरतो आणि भाववाढीसाठी मोर्चा काढावा लागतो. कोल्हापूरचा गोकुळ १९६३ चा, राज्याचा महासंघ १९६७ चा. सहकार येथेही आला, पण त्याला खात्याच्या शेजारी उभे राहावे लागले, कधी त्याच्या मागे.

१८/ ऑक्टोबर १९६४ च्या अखेरीस पंतप्रधान लालबहादूर शास्त्री कंजरीच्या पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनासाठी आले. आदल्या रात्री ते अजरपुरा गावी एका शेतकऱ्याकडे मुक्कामाला राहिले आणि लोकांशी उशिरापर्यंत बोलत बसले. जमीन, पाऊस, गुरे सारे इतर जिल्ह्यांसारखेच. मग येथेच हे का, हा त्यांचा प्रश्न होता. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, आणि त्याची कचेरी दिल्लीऐवजी आणंदला राहिली. मंडळ झाले, पण पैसा नव्हता. राज्य सरकारेही उत्सुक नव्हती. आपल्या दूध योजना सहकारी संघांच्या हाती द्यायला कोणते खाते आनंदाने तयार होईल?

१९/ पैसा आला तो अनपेक्षित दिशेने. साठच्या दशकाच्या अखेरीस युरोपीय आर्थिक समुदायात शेतकऱ्यांना दिलेल्या हमीभावामुळे लोण्याचे आणि भुकटीचे अक्षरशः डोंगर साठले. हा माल गरीब देशांना दान म्हणून येणार हे उघड होते. आणि फुकट आलेल्या मालाशी स्पर्धा करणारा शेतकरी अजून जन्मायचा आहे! आणंदचा प्रस्ताव असा होता : दान घ्यावे, पण वाटू नये. भुकटी आणि बटर ऑइल यांपासून दूध तयार करून ते शहरात देशी दुधाच्या भावानेच विकावे आणि मिळालेला पैसा खेड्यांतल्या दूध संस्था, शीतकरण केंद्रे, टँकर आणि डेअऱ्या यांत घालावा. १९७० च्या फेब्रुवारीत त्यासाठी भारतीय डेअरी महामंडळ ही सरकारी कंपनी निघाली आणि १ जुलैपासून जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली. ठरलेले दान होते १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल. लक्ष्य होते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांचे बाजार.

२०/ यातली युक्ती समजली का? जी भुकटी देशी दुधाचा भाव पाडू शकली असती, तिच्यातूनच देशी दुधाचे भांडवल उभे करायचे. पण हे जमण्यासाठी एक अट कठोरपणे पाळावी लागते : वेशीतून आत येणारा सारा माल एकाच हातातून आला पाहिजे आणि तो स्वस्त विकला जाता कामा नये. खासगी आयातदाराला मोकळीक दिली असती तर पहिल्याच वर्षी भाव कोसळले असते. म्हणून महामंडळाला एकाधिकार हवा होता, आणि सरकारने तो दिला.

२१/ टीकाही याच मुद्द्यावर झाली. ती कडाडून झाली आणि ती नजरेआड करणे योग्य नाही. गोव्यात राहणारे लेखक क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’त या योजनेची झाडाझडती घेतली. अभ्यासक शान्ती जॉर्ज यांनीही १९८५ मध्ये पुस्तक लिहून प्रश्न उपस्थित केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पाच वर्षांत संपायचा पहिला टप्पा १९८१ पर्यंत रेंगाळला, महानगरांच्या डेअऱ्या युरोपच्या भुकटीवर विसंबून राहिल्या, आणि दूध खेड्यातल्या लेकरांच्या पेल्यातून निघून शहरातल्या सधन घरांत गेले. कुरियन यांनी टीकाकारांना तिखट उत्तरे दिली. सरकारने एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मला यातला शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर वाटतो. रोख पैशासाठी दूध विकणाऱ्या घरात ताक उरते का, हा प्रश्न आकडेवारीच्या तक्त्यात बसत नाही. पण ज्या बाईने पहाटे उठून म्हैस पिळली तिच्या चुलीशी त्याचा थेट संबंध आहे. दुसऱ्या बाजूला, दहा दिवसांनी हाती येणारी रोख रक्कम तिच्या घरात यापूर्वी कधी आलीच नव्हती, हेही तितकेच खरे.

२२/ १९९०-९१ पर्यंत दरडोई दूध पावणेदोनशे ग्रॅमपर्यंत पोचले, आणि १९९८ मध्ये भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक झाला. याचे सारे श्रेय एका योजनेला देता येत नाही. सिंचन, चारा, संकरित गाई, वाढते शहरी उत्पन्न यांचाही वाटा आहे.

२३/ आणि आता या कथेतला सर्वांत टोचणारा भाग. १९९१ च्या उदारीकरणात दुग्धोद्योगावरचे परवाने उठले. खासगी डेअऱ्या पुढे सरसावल्या आणि सहकारी संघांनी ओरड केली. जून १९९२ मध्ये केंद्र सरकारने ‘दूध व दुग्धपदार्थ आदेश’ काढला. दिवसाला दहा हजार लिटरपेक्षा अधिक दूध हाताळणाऱ्या कारखान्याला नोंदणी सक्तीची झाली, आणि प्रत्येकाला दूध गोळा करण्याचे ठरावीक क्षेत्र आखून देण्यात आले. म्हणजे काय झाले ते पाहा. १९४५ मध्ये खेडा जिल्ह्याचे दूध एकाच्याच नावे लिहून दिले होते, त्याविरुद्ध संप झाला होता. त्याच शेतकऱ्यांचे वारस सत्तेचाळीस वर्षांनी आपापले क्षेत्र आपल्याच नावे राहावे म्हणून दिल्लीच्या दारी उभे होते. फरक आहे, तो मी नाकारत नाही : पॉल्सनचा नफा पॉल्सनचा होता आणि संघाचा नफा सभासदांचा. पण जो शेतकरी सभासद नव्हता, किंवा ज्याचा संघ पुढाऱ्यांच्या हाती गेला होता, त्याला दुसरा खरेदीदार नसणे म्हणजे पुन्हा तेच मोकळे टोक. महाराष्ट्रातल्या वाचकांना याचा अर्थ अधिक उलगडून सांगायला नको. २००२ मध्ये क्षेत्रांची ही आखणी रद्द झाली.

२४/ शेवटची नोंद वेशीबद्दलच. १९४८ च्या सुमारास जागतिक व्यापाराच्या पहिल्या वाटाघाटींत भारताने सायविरहित दूधभुकटीवर शून्य टक्के आयातकर मान्य केला होता. पन्नास वर्षे त्याची आठवण कोणाला राहिली नाही, कारण परवान्याशिवाय माल येऊच शकत नव्हता. कर शून्य असला काय आणि शंभर असला काय! जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार परिमाणात्मक निर्बंध उठण्याची वेळ आली तेव्हा धावपळ झाली, कारण परवान्याची भिंत पडताच मागे कसलाच बांध नव्हता. भारताने पुन्हा वाटाघाटी केल्या, इतर काही मालावर सवलती दिल्या आणि २००० साली नवा दर मिळवला : वर्षाला पहिल्या १०,००० टनांवर १५ टक्के, त्यापुढे ६० टक्के. २०१९ मध्ये आशियाई देशांच्या व्यापक व्यापार करारातून भारत बाहेर पडला तेव्हा न्यूझीलंडच्या भुकटीची भीती पुन्हा चर्चेत होती. आणि त्या दहा हजार टनांची सवलतीतली आयात कोणी करायची, याची ठरावीक संस्थांची यादी सरकारने केली. त्या यादीत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आहे. त्याची कचेरी अजूनही आणंदलाच आहे.